कामगाराच्या श्वासाचा हिशेब

कारखान्यातील वार्षिक वैद्यकीय तपासणीत रक्तदाब, रक्तातील साखर आणि छातीचा एक्स-रे झाल्यावर कामगाराला एका नळीत सर्व ताकदीनिशी फुंकायला सांगतात. बोलण्यात 'पीएफटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीबद्दल दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला असा की, ज्याला जिना चढताना धाप लागत नाही त्याची फुप्फुसे तपासण्याची गरजच काय. आणि दुसरा असा की, अहवालावर 'नॉर्मल' असे छापून आले म्हणजे कामाच्या जागेवरील धूळ बाधलेली नाही असे धरून चालावे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर फुप्फुसांच्या कामाच्या पद्धतीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी हा आकडा कसा निघतो, तो कशाशी ताडून पाहतात आणि एकाच माणसाचे अनेक वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर काय दिसते, हे क्रमाने पाहावे लागते.

१. धाप लागेपर्यंत थांबणे का परवडत नाही?

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो आणि मिनिटाला साधारण १२ ते १५ वेळा श्वास घेतो, म्हणजे मिनिटाला सहा-सात लिटर हवेवर त्याचे भागते. निरोगी तरुण माणूस जीव तोडून धावू लागला, तर तो मिनिटाला १०० लिटर हवाही खेळवू शकतो. रोजची गरज आणि कमाल क्षमता यांच्यातील हे प्रचंड अंतर म्हणजे फुप्फुसांची शिल्लक होय. धूळ, धूर किंवा रासायनिक वाफा यांचा मारा सुरू झाला की आधी ही शिल्लक खर्ची पडू लागते आणि रोजच्या हालचालींना लागणारी हवा मात्र कित्येक वर्षे बिनबोभाट मिळत राहते.

माणूस या घसरणीशी नकळत जुळवूनही घेतो. पूर्वी एका खेपेत उचलली जाणारी पोती तो दोन खेपांत नेऊ लागतो, सायकलवरून उतरून चढ पायी चढतो, आणि कोणी विचारलेच तर 'आता वय झाले' असे सांगून मोकळा होतो. त्यामुळे धाप लागण्याची तक्रार घेऊन तो डॉक्टरकडे येतो, तेव्हा शिल्लक जवळजवळ संपलेली असते. सिलिकोसिससारख्या रोगात फुप्फुसावर पडलेले व्रण कोणत्याही औषधाने भरून निघत नाहीत, आणि कामावरून दूर झाल्यावरही रोग पुढे सरकत राहू शकतो. म्हणून कामगारांच्या आरोग्यशास्त्रात तक्रार नसलेल्या माणसाची तपासणी हाच मुख्य भाग ठरतो.

२. टाकी आणि नळ

पीएफटीमध्ये अनेक आकडे छापून येतात, तरी त्यांतील दोन कळले की बाकीचे समजायला सोपे जातात. त्यासाठी गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. तिच्याबद्दल दोन वेगवेगळ्या गोष्टी विचारता येतात: टाकीतून एकूण किती पाणी निघते, आणि नळ पूर्ण उघडल्यावर पहिल्या सेकंदात किती पाणी बाहेर पडते. पहिली गोष्ट टाकीच्या आकारावर अवलंबून असते आणि दुसरी बऱ्याच अंशी नळाच्या रुंदीवर.

छाती पूर्ण भरून श्वास घेतल्यावर तो सगळ्या जोराने आणि शेवटपर्यंत बाहेर सोडला असता जेवढी हवा निघते, तिला 'एफव्हीसी' म्हणतात; हे टाकीचे माप झाले. त्याच फुंकण्यात पहिल्या एका सेकंदात निघालेल्या हवेला 'एफईव्ही-१' म्हणतात; हे मुख्यतः नळाचे, म्हणजे श्वासनलिकांच्या मोकळेपणाचे माप झाले. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की एकूण हवेपैकी किती टक्के पहिल्या सेकंदात बाहेर पडली ते कळते, आणि निदानाची पहिली दिशा या गुणोत्तरावरून ठरते.

एकाच उंचीच्या आणि एकाच वयाच्या तीन पुरुष कामगारांचे आकडे उदाहरणादाखल घेऊ. पहिल्याची एफव्हीसी ४ लिटर आणि एफईव्ही-१ ३.२ लिटर आहे, म्हणजे गुणोत्तर ८० टक्के; टाकीही मोठी आणि नळही मोकळा. दुसऱ्याची एफव्हीसी ३.८ लिटर आहे, पण एफईव्ही-१ अवघी २.२ लिटर, म्हणजे गुणोत्तर सुमारे ५८ टक्के. टाकी जवळपास तेवढीच, पण नळात गाळ बसलेला. श्वासनलिका अरुंद झाल्यामुळे दिसणाऱ्या या चित्राला अवरोधी दोष म्हणतात, आणि दमा, दीर्घकालीन ब्राँकायटिस अशा विकारांत तो आढळतो. तिसऱ्याची एफव्हीसी २.४ लिटर आणि एफईव्ही-१ २.१ लिटर, म्हणजे गुणोत्तर ८७ टक्क्यांच्या वर. नळ मोकळा आहे, पण टाकीच लहान झाली आहे. फुप्फुसाचा पोत कडक झाल्याने ते पुरेसे फुगत नाही, तेव्हा हा संकोची दोष दिसतो. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा ॲस्बेस्टोसिस हे त्याचे ठळक उदाहरण.

टाकीच्या दृष्टांतातून आणखी एक मर्यादा समजते. टाकीचा नळ तळापासून थोडा वर बसवलेला असल्याने तळाशी काही पाणी उरतेच. तसेच कितीही जोर लावला तरी प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सव्वा लिटरच्या आसपास हवा शिल्लक राहते. फुंकण्याच्या तपासणीत ही उरलेली हवा मोजता येत नाही, म्हणून संकोची दोषाचा नुसता संशय या तपासणीवरून घेता येतो आणि खात्रीसाठी फुप्फुसांचे एकूण आकारमान मोजणारी वेगळी चाचणी लागते.

३. यंत्र कसे घडले?

श्वास मोजण्याचे यंत्र वापरात आणले ते जॉन हचिन्सन या इंग्रज शल्यवैद्याने. पाण्यात उलटे ठेवलेले भांडे फुंकलेल्या हवेने वर उचलले जावे आणि त्याची उंची मोजून हवेचे माप कळावे, अशी त्याच्या स्पायरोमीटरची साधी रचना होती. १८४६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने दोन हजारांहून अधिक लोकांचे मोजमाप मांडले, ज्यांत खलाशी, पोलीस, अग्निशामक दलातील लोक, कुस्तीगीर आणि गरीब लोकही होते. त्यातून त्याला एक नियम सापडला: उंची एका इंचाने वाढली की बाहेर सोडता येणारी हवा सुमारे आठ घन इंचांनी, म्हणजे साधारण १३० मिलिलिटरने वाढते. आजही अहवाल काढण्याआधी कामगाराची उंची मोजतात ती याच कारणाने.

हचिन्सनच्या यंत्राने टाकीचे माप मिळाले, पण नळाचे माप मिळायला आणखी शंभर वर्षे लागली. १९४७ साली फ्रान्समध्ये तिफ्फनो आणि पिनेल्ली या दोघांनी पहिल्या सेकंदात निघणाऱ्या हवेवर भर दिला, आणि अवरोधी दोष आकड्यांत पकडता येऊ लागला. पुढचे पाऊल थेट कामगारांच्या आरोग्यातूनच पडले. वेल्समधील कोळसा कामगारांच्या फुप्फुसरोगांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात काम केलेल्या मार्टिन राइट यांनी हातात धरता येण्याजोगे यंत्र तयार केले आणि १९५९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. फुंकताना हवेचा वेग क्षणभर जो उच्चांक गाठतो तेवढाच हे यंत्र दाखवते; त्याला पीक फ्लो मीटर म्हणतात, आणि त्याची पुढची छोटी व स्वस्त आवृत्ती आज औषधाच्या दुकानातही मिळते.

४. आकडा खरा कधी मानावा?

रक्ताची तपासणी करताना रुग्णाने काही करायचे नसते. येथे मात्र सगळा आकडा कामगाराच्या प्रयत्नावर आणि तंत्रज्ञाच्या सूचनांवर उभा असतो. तपासणीआधी एक तास विडी-सिगारेट टाळावी, पोट तुडुंब भरलेले नसावे, कमरेचा पट्टा घट्ट असल्यास सैल करावा, एवढी पूर्वतयारी पुरते. मग कामगाराला ताठ बसवून नाकाला चिमटा लावतात, छाती भरेपर्यंत श्वास घ्यायला सांगतात, नळीभोवती ओठ घट्ट मिटवून घेतात, आणि तंत्रज्ञ 'फुंका, जोरात, अजून, अजून, सोडू नका' असा घोशा लावतो. पहिला झटका हवा तेवढा जोरदार आणि शेवट हवा तेवढा लांब, या दोन्ही अटी एकाच फुंकण्यात पाळायच्या असल्याने पहिल्या खेपेला बहुतेकांना ते जमत नाही.

चुकाही ठरावीक असतात. पूर्ण श्वास न घेताच फुंकणे, सुरुवातीला अडखळणे, पहिल्या सेकंदात खोकला येणे, ओठांच्या कडेने हवा निसटणे, जिभेने नळीचे तोंड झाकणे आणि हवा संपण्याआधीच थांबणे, यांपैकी प्रत्येक चूक निरोगी माणसाला आजारी ठरवू शकते. आलेखाकडे पाहिले की त्या ओळखू येतात: नीट फुंकलेल्या श्वासाच्या आलेखात वेगाची रेघ उभी चढते आणि मग जवळजवळ सरळ उतरत जाते, अवरोधी दोषात उतरणारी रेघ मध्ये खोलगट होते, आणि खोकला आला असेल तर तिच्यात दातेरी खळगा दिसतो. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार किमान तीन स्वीकारार्ह प्रयत्न लागतात, त्यांतील सर्वोत्तम दोघांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा, आणि प्रौढांत आठ प्रयत्नांत जमले नाही तर साधारणपणे तपासणी थांबवावी.

यंत्राचीही परीक्षा घ्यावी लागते. ३ लिटर हवा मावणारी एक मोठी पिचकारी यंत्राला जोडून तिचा दट्ट्या दाबला असता आकडा २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत यायला हवा, आणि ही पडताळणी तपासणीच्या प्रत्येक दिवशी व्हायला हवी. एकाच दिवसात शेकडो कामगार उरकणाऱ्या शिबिरांत ही पिचकारी दिसतेच असे नाही, आणि अशा वेळी मिळालेले आकडे पुढच्या वर्षीच्या तुलनेला निरुपयोगी ठरतात. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा खोकल्यातून रक्त पडणाऱ्या माणसाला जोराने फुंकायला लावत नाहीत, आणि क्षयाचा संशय असल्यास आधी थुंकीची तपासणी करून घेतात, कारण तीच नळी आणि तीच बंद खोली पुढच्या कामगाराच्याही वाट्याला येणार असते.

५. 'अपेक्षित' म्हणजे कोणाच्या अपेक्षेनुसार?

अहवालात मोजलेल्या आकड्याशेजारी 'अपेक्षित' आकडा छापलेला असतो आणि दोघांची टक्केवारी दिलेली असते. हा अपेक्षित आकडा धूम्रपान न करणाऱ्या निरोगी लोकांच्या मोठ्या गटावरून, वय, उंची आणि लिंग लक्षात घेऊन गणिती सूत्राने काढलेला असतो. तो एकच एक नसतो. यंत्रात कोणते सूत्र भरले आहे त्यावर तो बदलतो. सारख्या उंचीच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीयाची फुप्फुसक्षमता सरासरीने कमी भरते, असे पूर्वीपासून आढळत आले आहे, म्हणून परदेशी सूत्र जसेच्या तसे वापरले तर निरोगी भारतीय कामगारही 'कमी क्षमतेचा' ठरू शकतो.

याला दुसरी आणि गंभीर बाजू आहे. ठरावीक वंशाच्या लोकांसाठी अपेक्षित आकडा खाली आणला, की कुपोषण, धूर आणि धूळ यांनी झालेले नुकसानही 'त्यांच्यात असेच असते' या सबबीखाली झाकले जाऊ शकते. अमेरिकेत १९९९ साली ॲस्बेस्टॉसच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत एका उत्पादक कंपनीने कृष्णवर्णीय कामगारांना गोऱ्या कामगारांपेक्षा अधिक क्षमता गमावल्याचे दाखवावे लागावे, अशी मागणी बाल्टिमोरच्या न्यायालयात केली होती. या वादातून पुढे वंशाचा उल्लेख नसलेली समान सूत्रे तयार करण्याचा प्रयत्न झाला आणि २०२२ मध्ये अशी सूत्रे प्रसिद्ध झाली. कामगाराच्या दृष्टीने यातला उपयोगाचा धडा एवढाच की, अपेक्षित आकडा ही परक्या लोकांची सरासरी असते. अमुक एका माणसाचे किती नुकसान झाले हे तिच्यावरून थेट कळत नाही.

६. कामानुसार बदलणारी चित्रे

कापूस पिंजण्याच्या आणि सूत कातण्याच्या खात्यांतील धुळीने होणारा बिसिनोसिस हा रोग त्याच्या वेळापत्रकावरून ओळखला जातो. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पाळी सुरू झाल्यावर काही तासांनी छाती आवळल्यासारखी होते, दुसऱ्या दिवशी बरे वाटते, आणि पुढच्या सुट्टीनंतर तेच चक्र पुन्हा सुरू होते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड शिलिंग यांनी या तक्रारीच्या पायऱ्या ठरवून दिल्या: सुरुवातीला ती अधूनमधून, मग दर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, मग इतर दिवशीही, आणि शेवटी कायमची. या रोगात एकदाच फुंकून भागत नाही. पाळीच्या आधी आणि पाळीनंतर असे दोनदा मोजावे लागते. सकाळी एफईव्ही-१ ३.१० लिटर आणि पाळी संपताना २.७८ लिटर भरली, तर ३२० मिलिलिटरची, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक घट एकाच दिवसात झाली, आणि सकाळचा आकडा एकटा पाहिला असता तर ती कळलीच नसती. अमेरिकेच्या १९७८ च्या कापूसधूळ नियमांत आठवड्याच्या पहिल्या दिवशी पाच टक्के किंवा २०० मिलिलिटर घट आढळली, तर अशा कामगाराची तपासणी वर्षाऐवजी सहा महिन्यांनी करण्याची तरतूद होती. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांतही हा रोग असल्याचे केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसून आले.

पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आवारात रचून ठेवलेला उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, ओलसर राहिला की तो आतून तापतो आणि त्यात उष्णता मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांची वाढ होते. असा जुना बगॅस उपसताना उडणारी धूळ श्वासात गेल्यावर काहींच्या फुप्फुसात ॲलर्जीची दाहक प्रतिक्रिया उठते. काही तासांत ताप, खोकला आणि धाप सुरू होते, आणि डॉक्टरला ती सहज न्यूमोनिया वाटते. बगॅसोसिस नावाच्या या रोगात टाकी लहान झाल्याचे, म्हणजे संकोची दोषाचे चित्र दिसते. बगॅस हलवण्याआधी तो भिजवणे आणि कामगाराने नेमके कोणते काम केले हे डॉक्टरने विचारणे, या दोन्ही गोष्टी येथे तपासणीइतक्याच मोलाच्या ठरतात.

खडी क्रशर, दगडाच्या खाणी, ओतकामाची भट्टी आणि वाळूच्या झोताने धातू घासण्याचे काम येथे दगडातील सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात, आणि त्यांतील सर्वांत बारीक कण थेट फुप्फुसाच्या हवापिशव्यांपर्यंत पोहोचतात. सिलिकोसिसच्या सुरुवातीला एक्स-रेवर ठिपके दिसत असतानाही पीएफटी अगदी चांगली येऊ शकते, म्हणून या कामात ती एक्स-रेची जागा घेऊ शकत नाही. रोग वाढला की संकोची किंवा दोन्ही प्रकारचा मिश्र दोष उमटतो. सिलिकाच्या धुळीने क्षयाचा धोकाही वाढतो आणि क्षयाचे जुने व्रण स्वतःच क्षमता कमी करतात, त्यामुळे भारतात हे दोन रोग एकमेकांत मिसळून येतात. ॲस्बेस्टॉससारख्या कामात आणखी एक चाचणी उपयोगी पडते. कामगाराला कार्बन मोनॉक्साइडचा अत्यल्प अंश असलेली हवा एका श्वासात घेऊन सुमारे दहा सेकंद धरून ठेवायला सांगतात आणि तो वायू रक्तात किती उतरला ते मोजतात. हवापिशव्यांचा पडदा जाड झाला असेल तर फुंकण्याच्या आकड्यांआधीच तो येथे पकडला जाऊ शकतो.

बेकरीतील पीठ, गाड्यांच्या रंगकामातील आयसोसायनेट, लाकडाचा भुसा यांमुळे होणाऱ्या दम्यात अडचण वेगळी असते. दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी केलेली तपासणी स्वच्छ येते आणि त्रास मात्र भट्टीसमोर होतो. अशा वेळी कामगाराच्या हाती पीक फ्लो मीटर देतात आणि दिवसातून किमान चार वेळा, सुमारे चार आठवडे, कामाच्या तसेच सुट्टीच्या दिवशीही आकडे लिहून ठेवायला सांगतात. समजा, एका बेकरी कामगाराची वही कामाच्या दिवशी सकाळी ४६० आणि संध्याकाळी ३६० दाखवते, आणि दोन दिवसांच्या सुट्टीत दिवसभर ४७० ते ४९० दाखवते. हेच चित्र दर आठवड्याला उमटत असेल, तर दम्याचे कारण घरात शोधण्यात अर्थ उरत नाही. अशी नोंदवही ठेवणे कंटाळवाणे असते, तरी कामाचा आणि त्रासाचा संबंध दाखवणारा इतका स्वस्त पुरावा दुसरा नाही.

७. नॉर्मल आकड्याच्या आत दडलेला तोटा

आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न हाती घेता येतो. अंगमेहनतीच्या कामावर मुळातच धडधाकट माणसे रुजू होतात आणि ज्यांना काम झेपत नाही ती आपोआप गळून जातात, त्यामुळे कामावर असलेल्यांची क्षमता सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा बरी दिसते. अशा माणसाची तुलना सरासरीशी केली, तर त्याला खाली घसरायला भरपूर जागा असते.

समजा, २८ वर्षांचा एक कामगार रुजू झाला तेव्हा त्याची एफईव्ही-१ ३.८५ लिटर होती आणि त्याच्या वयाला व उंचीला अपेक्षित ३.५० लिटर, म्हणजे तो ११० टक्क्यांवर होता. वयाच्या पंचविशी-तिशीनंतर निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाची एफईव्ही-१ दरवर्षी साधारण ३० मिलिलिटरने कमी होते. त्या हिशेबाने सहा वर्षांत १८० मिलिलिटर घट होऊन ती ३.६७ लिटर असायला हवी होती. प्रत्यक्षात ती ३.०५ लिटर भरली. अपेक्षित आकडा आता ३.३२ लिटर झाला आहे, म्हणजे हा कामगार ९२ टक्क्यांवर आहे आणि अहवालावर 'नॉर्मल' असा शिक्का बसतो. प्रत्यक्षात त्याने ८०० मिलिलिटर गमावले आहेत, त्यांतले १८० वयाच्या खात्यावर जातात, आणि उरलेल्या ६२० मिलिलिटरचा जाब कोणालाच विचारला जात नाही.

यासाठी एक सोपा नियम वापरतात. पहिल्या आकड्यातून १५ टक्के वजा करायचे आणि मग वयानुसार होणारी घट वजा करायची. मोजलेला आकडा त्याहून खाली गेला तर तपास सुरू करायचा. वरील उदाहरणात ३.८५ चे ८५ टक्के सुमारे ३.२७ होतात, त्यातून ०.१८ गेले की ३.०९ उरतात, आणि ३.०५ हा आकडा त्याच्या खाली आहे. म्हणजे टक्केवारीच्या निकषावर उत्तीर्ण झालेला हा माणूस स्वतःच्या जुन्या आकड्याशी ताडून पाहिल्यावर नापास होतो. एखाद्या वर्षी थोडा आकडा खाली गेल्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण सर्दी, अर्धवट प्रयत्न किंवा बदललेले यंत्र यांनीही तसा फरक पडतो; आधी काही दिवसांनी पुन्हा मोजून खात्री करावी लागते. पण ही तुलना शक्य व्हायला रुजू होतानाचा पहिला अहवाल जपलेला असावा लागतो, आणि बहुतेक वेळा तोच सापडत नाही.

विडी ओढणाऱ्या कामगाराच्या बाबतीत घसरणीचे खापर विडीवर फोडून फाइल बंद करण्याची सवय डॉक्टरांनाही असते. विडीने फुप्फुसे बिघडतात हे खरेच. पण त्यामुळे धूळ निर्दोष ठरत नाही, उलट दोन्हींचे नुकसान एकत्र साचत जाते. त्याच खात्यात विडी न ओढणाऱ्यांचीही घट वेगाने होत आहे का, हे पाहिल्याशिवाय दोष वाटून देता येत नाही.

८. एका माणसाकडून अख्ख्या खात्याकडे

येथून या तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग सुरू होतो. २००० साली अमेरिकेच्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्हमध्ये फुलवायच्या मक्याच्या लाह्या तयार करणाऱ्या एका कारखान्यातील आठ माजी कामगारांना फुप्फुसातील अतिसूक्ष्म नलिका कायमच्या बुजवणारा एक दुर्मीळ विकार झाल्याचे आरोग्य खात्याला कळवण्यात आले. त्यानंतर कामावर असलेल्यांची फुंकण्याची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात अवरोधी दोषाचे प्रमाण अपेक्षेच्या तिपटीहून अधिक निघाले. ज्यांच्या वाट्याला लोण्याचा वास देणाऱ्या डायअॅसिटिल या द्रव्याची वाफ अधिक काळ आली होती, त्यांच्यात दोषही अधिक होता. खाण्यासाठी निर्धोक मानलेले द्रव्य तापवून श्वासात घेतले की घातक ठरते, ही गोष्ट पुढे आली त्यात सगळ्या कामगारांचे आकडे कामाच्या जागेनुसार एकत्र मांडण्याचा मोठा वाटा होता.

एकेकाचा अहवाल सुटा पाहिला तर अमुक माणसाचा दमा, तमुक माणसाची विडी, असे वेगवेगळे खुलासे देता येतात. एकाच खात्यातील दहा जणांची घट एकाच वर्षी वेगाने झाली असेल, तर मात्र हवेत काय आहे हेच विचारावे लागते. त्यामुळे कारखान्याच्या डॉक्टरने अहवाल नावाच्या क्रमाने न लावता खात्याच्या क्रमाने लावणे, ही साधी कारकुनी गोष्ट मोठ्या उपयोगाची ठरते.

९. अहवाल हाती आल्यावर

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस, बिसिनोसिस हे रोग नोंदले गेले आणि ते आढळल्यास कारखान्याच्या व्यवस्थापकाने व उपचार करणाऱ्या डॉक्टरने शासनाला कळवण्याचे बंधन घातले गेले. या विषयावर संशोधन करणारी राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्था अहमदाबादला आहे. तरीही कामगाराला या तपासणीची धास्ती वाटते, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. कारण आकडा खाली गेला की धूळ कमी करण्याऐवजी माणूसच कमी केला जाण्याची शक्यता त्याला ठाऊक असते. कंत्राटी कामगाराला तर कारण न देताही घरी पाठवता येते. अशी भीती असेल तेथे माणसे तक्रारी लपवतात आणि तपासणीचा मूळ हेतूच फसतो.

म्हणून अहवालातील घसरणीवरचा पहिला उपाय यंत्रावर आणि हवेवर व्हायला हवा: धूळ उडते तेथे पाण्याचा फवारा, तोंडाशीच धूळ खेचून घेणारा पंखा, झाकलेले पट्टे, घातक द्रव्याच्या जागी कमी घातक द्रव्य. मास्क हा या सगळ्यानंतरचा उपाय आहे, आणि नाकातोंडावर बांधलेला रुमाल तर बारीक सिलिकाला अडवतच नाही. कामगाराने आपल्या बाजूने तीन गोष्टी कराव्यात: अहवालाची प्रत मागून घ्यावी, ती मागच्या वर्षीच्या प्रतीशेजारी ठेवून लिटरमधील आकडे टक्केवारीआधी पाहावेत, आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर न विचारताही आपले काम सांगावे. कामगार संघटनांना यात आणखी एक मागणी जोडता येते. श्वासाच्या आकड्यांबरोबर त्या त्या खात्यातील हवेतल्या धुळीचे मोजमापही दरवर्षी जाहीर व्हावे. ज्या कारखान्यात दरवर्षी पीएफटी होते पण धूळ कधीच मोजली जात नाही, तेथे आरोग्याची निगा राखली जात नसते. नुकसानाची नोंद तेवढी नियमितपणे होत असते.